सुभेदाराच्या सुनेचं नाव काय?

कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची गोष्ट आम्हा ठाणे जिल्ह्यातल्या पोरांना बाळगुटीबरोबरच मिळते. लुटीबरोबर पकडून आणलेल्या त्या परधर्मीय सुंदरीला शिवाजीमहाराजांनी साडीचोळी देऊन सन्मानानं परत पाठवलं. महाराजांनी १६५७ साली कल्याण घेतलं हे पक्कं. सुनेच्या गोष्टीला मात्र समकालीन पुरावा नाही, असं इतिहासकार म्हणतात. नसेना! वागणूक लाखमोलाची आहे.

माझी तक्रार सांगणाऱ्यांबद्दल आहे. वक्ता तिच्या रूपावर पंधरा मिनिटं घालवतो आणि सन्मान दोन मिनिटांत उरकतो. शाळेच्या गॅदरिंगमध्ये या भूमिकेसाठी वर्गातली सगळ्यात गोरी मुलगी निवडतात. संवाद? एकही नाही. नाव? ‘सून’!

डोंबिवलीत आमच्या ओळखीच्या घरी जर्मन सून आली. काकू सांगत होत्या, ‘‘अहो, काय गोरी! डोळे निळे! नऊवारीसुद्धा नेसली!’’

‘‘नाव काय हो तिचं?’’

‘‘आहे बाई काहीतरी.’’

हीच सून नायजेरियाची असती तर? हिचे डोळे पाहिले, तिचा पासपोर्ट पाहिला असता, आणि सोसायटीची तातडीची मीटिंग लागली असती. नाव तिचंही कुणी विचारलं नसतं.

शादी डॉट कॉमनं २०२० साली वर्णाची चाळणी काढून टाकली म्हणे. आमच्या डोळ्यांतली तेवढी राहिली आहे. साडीचोळी सावकाश द्या हो, आधी त्या मुलीला नाव तरी विचारा!