प्रेक्षकाचे राजकीय मत आणि सविकल्प समाधी

मराठी नाट्यसमीक्षेने नाटककाराचा विचार भरपूर केला, नटाचा बऱ्यापैकी केला. प्रेक्षकाची मात्र ‘रसिक’ ह्या एका शब्दात बोळवण केली. दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकाच्या वाट्याला तर तो शब्दही आला नाही. त्याला कोणी ‘चाहता’ म्हटले, कोणी ‘भाबडा’ म्हटले. घरात बसून मालिका पाहणारा, पाहता पाहता पात्रांवर आणि पुढाऱ्यांवर एका दमात मते देणारा हा मनुष्य विचार करतो, अशी शंकादेखील विद्वानांना फारशी आलेली दिसत नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. तेव्हापासून अर्धशतक उलटले, तरी ह्या मतांचे स्वरूप काय आणि त्यांचा राष्ट्रीय राजकारणाशी संबंध कोणत्या प्रकारचा, ह्याची तपासणी आपल्याकडे तुरळकच झाली. जी काही झाली ती बहुधा एका गृहीतकावर उभी आहे : प्रेक्षक पडद्यावरच्या पात्राला भुलतो, आणि भुललेल्या अवस्थेतच मतपेटीपर्यंत जातो.

हे गृहीतक पुराव्याला कितपत उतरते, ते पाहिले पाहिजे.

ह्या प्रश्नाची एक बाजू नागपूरच्याच न्यायालयात फार पूर्वी चर्चिली गेली होती. भगवतीचरण शुक्ल विरुद्ध मध्यप्रांत-वऱ्हाडचे प्रांतिक सरकार ह्या १९४७ च्या विधिवृत्तात प्रसिद्ध झालेल्या निर्णयात, तेव्हाच्या नागपूर उच्च न्यायालयाचे न्या. व्हिव्हियन बोस ह्यांनी शब्दांच्या परिणामाचे एक माप ठरवून दिले. लेखनाने काय घडेल हे ठरविताना डोळ्यांपुढे समंजस, निग्रही आणि न डगमगणारा वाचक आणावा; जो सहज कोलमडतो, किंवा ज्याला न पटणाऱ्या प्रत्येक मतात संकट दिसते, त्याला प्रमाण मानू नये, असा त्याचा आशय होता. प्रश्न मुद्रित शब्दाचा होता. चित्रवाणी त्या वेळी ह्या देशात कोणाच्या स्वप्नातही नव्हती. परंतु चार दशकांनी हेच माप एका दूरचित्रवाणी-नाट्याला लावण्यात आले. भीष्म साहनी ह्यांच्या कादंबरीवरून गोविंद निहलानी ह्यांनी केलेली ‘तमस’ ही मालिका जानेवारी १९८८ मध्ये दूरदर्शनवर सुरू झाली, आणि फाळणीच्या दंगलींच्या चित्रणाने पुन्हा द्वेष पेटेल ह्या भयाने ती थांबविण्याची मागणी न्यायालयांपुढे आली. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी मालिका स्वत: पाहिली आणि तिला वाट मोकळी केली. पुढे फेब्रुवारी १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मनाई नाकारली, आणि तसे करताना नागपूरच्या त्या जुन्या मापाचा आधार घेतला.

समीक्षेच्या दृष्टीने ह्या निर्णयातील मर्म कायद्याचे नव्हे, प्रेक्षकाचे आहे. ‘तमस’मधील नत्थू हा चामड्याचे काम करणारा गरीब मनुष्य. पैशाच्या लोभाने आणि वरिष्ठांच्या धाकाने तो डुक्कर मारतो. ते डुक्कर मशिदीच्या पायरीवर सापडते आणि गाव पेटते. ओम पुरी ह्यांनी उभा केलेला हा नत्थू अपराधी आहे आणि निरपराधही आहे. ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरल्याखेरीज त्या मालिकेचा अर्थच लागत नाही. तिला विरोध करणाऱ्यांनी गृहीत धरलेला प्रेक्षक हे करू शकत नव्हता. न्यायालयाने गृहीत धरलेला प्रेक्षक करू शकत होता. म्हणजे वाद मालिकेविषयी नव्हताच. प्रेक्षकाच्या मनात दोन विचारांना एकत्र जागा आहे की नाही, ह्याविषयी तो होता.

आणि ह्या प्रश्नावर मराठी साहित्यशास्त्राजवळ एक तयार उत्तर होते. न. चिं. केळकर ह्यांनी १९२१ च्या बडोदे येथील साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून सविकल्प समाधीचा सिद्धांत मांडला. वाचक वा प्रेक्षक पात्राच्या भूमिकेत शिरतो, पण स्वत:ला हरवून बसत नाही. तो एकाच क्षणी ‘तो’ही असतो आणि ‘मी’ही असतो, आणि ह्या दुहेरी असण्यातूनच कलेचा आनंद निपजतो, असे त्याचे सार. ह्या सिद्धांतावर पुढे पुष्कळ खल झाला. तादात्म्य खरे की ताटस्थ्य खरे, ह्या वादात पानेच्या पाने खर्ची पडली. तो सारा वाद येथे उकरण्याचे कारण नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट एवढीच की, हा सिद्धांत मांडणारा लेखक ‘केसरी’चा संपादक होता, नाटककार होता, आणि प्रत्यक्ष राजकारणात मुरलेला होता. प्रेक्षक आणि मतदार हे एकाच देहात राहतात, हे त्याला कोणी शिकवावयास नको होते.

आता पुरावा. रामानंद सागर ह्यांची ‘रामायण’ मालिका २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ ह्या काळात दाखविली गेली. रविवारी सकाळी रस्ते ओस पडत, संचापुढे धूप-दीप लावले जात, हे सर्वश्रुत आहे. ही मालिका चालू असतानाच, जून १९८८ मध्ये, अलाहाबादेत लोकसभेची पोटनिवडणूक झाली. काँग्रेसचे उमेदवार सुनील शास्त्री ह्यांच्या प्रचारासाठी रामाची भूमिका करणारे अरुण गोविल उतरले. विजयी झाले विश्वनाथ प्रताप सिंह. ज्या प्रेक्षकाने रविवारी ज्या मुखाला हात जोडले, त्याच प्रेक्षकाने त्या मुखाचा राजकीय सल्ला मानला नाही. पुढे १९९१ मध्ये सीतेची भूमिका करणाऱ्या दीपिका चिखलिया भारतीय जनता पक्षातर्फे बडोद्यातून निवडून आल्या. (केळकरांचे बडोदे ते हेच.) पण त्याच वर्षी त्याच पक्षातर्फे साबरकांठ्यातून अरविंद त्रिवेदीही निवडून आले, आणि त्यांनी रावण केला होता. पात्रावरच्या भक्तीतून मत जन्मते म्हणावे, तर राम १९८८ मध्ये निष्फळ का आणि रावण १९९१ मध्ये सफल का, ह्याचे उत्तर त्या उपपत्तीजवळ नाही. त्या तीन वर्षांत देशाचे राजकारण बदलले होते. मालिका तीच होती.

पुढील उदाहरणेही ह्याच दिशेने जातात. ‘महाभारत’मधील कृष्ण, नितीश भारद्वाज, १९९६ मध्ये जमशेदपूरला जिंकले आणि १९९९ मध्ये राजगढला हरले. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ ही मालिका घरोघर चालू असताना, २००४ मध्ये, तिची नायिका स्मृती इराणी दिल्लीच्या चांदणी चौकातून पराभूत झाल्या. त्या लोकसभेत पोहोचल्या त्या २०१९ मध्ये, अमेठीतून, मालिका संपून बराच काळ लोटल्यावर, आणि २०२४ मध्ये तेथेच हरल्या. अरुण गोविल स्वत: २०२४ मध्ये मेरठहून निवडून आले, पण सुमारे साडेदहा हजार मतांनी. लोकसभेच्या निवडणुकीत हे अंतर देवत्वाचे म्हणता येत नाही.

‘रामायण’ मालिकेने रामजन्मभूमी आंदोलनाला पोषक वातावरण दिले, हे येथे नाकारावयाचे नाही. अरविंद राजगोपाल ह्यांनी ह्या विषयावर २००१ मध्ये स्वतंत्र ग्रंथच लिहिला. मालिकेने एक सामाईक प्रतिमासृष्टी देशभर पसरविली, आणि राजकारणाने ती वापरली. परंतु प्रतिमा उपलब्ध होणे वेगळे आणि प्रेक्षकाची विवेकशक्ती लोपणे वेगळे. रामटेकच्या टेकडीवर रामाचे पुरातन मंदिर आहे. गावाचे नावही रामावरून पडलेले. त्या रामटेक मतदारसंघाने ‘रामायण’ संपल्यानंतरच्या पहिल्याच लोकसभा निवडणुकीत, १९८९ मध्ये, काँग्रेसच्या पी. व्ही. नरसिंह राव ह्यांना निवडून दिले. शेजारच्या नागपुरानेही १९८९ व १९९१ ह्या दोन्ही वेळी काँग्रेसच पसंत केली.

मराठी मालिकेकडे वळले म्हणजे हाच प्रश्न अधिक जवळून पाहता येतो. डॉ. अमोल कोल्हे ह्यांनी २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘राजा शिवछत्रपती’त शिवाजी महाराजांची, आणि २०१७ ते २०२० ह्या काळातील ‘स्वराज्यरक्षक संभाजी’त संभाजी महाराजांची भूमिका केली. २०१९ च्या आरंभी ते शिवसेना सोडून राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये गेले, आणि मालिका चालू असतानाच शिरूरहून लोकसभेवर निवडून आले. वृत्तपत्रांनी ‘छोट्या पडद्यावरचा संभाजी संसदेत’ अशा धर्तीचे निदान तत्काळ केले. ते पारखण्यासाठी शिरूरबाहेरचा प्रेक्षक हवा. नागपूरला लागून असलेला हिंगणा तालुका त्या कामी उपयोगी पडतो. कारखान्यांची वसाहत, शेतीची गावे आणि शहराचे विस्तारत आलेले टोक अशी तेथील वस्ती मिश्र आहे, आणि २००८ च्या पुनर्रचनेनंतर हिंगणा विधानसभा क्षेत्र रामटेक लोकसभा मतदारसंघात मोडते. वाहिनी एकच, वेळ एकच, भागही तोच. ११ एप्रिल २०१९ रोजी रामटेकने मतदान केले आणि शिवसेनेचे कृपाल तुमाने ह्यांना निवडले, म्हणजे ‘संभाजी’ जो पक्ष सोडून आला होता त्यालाच. २९ एप्रिल रोजी शिरूरने त्या पक्षाचे, सलग तीन वेळा खासदार राहिलेले शिवाजीराव आढळराव पाटील ह्यांना पाडून कोल्हे ह्यांना निवडले. मालिका हेच जर मताचे कारण असेल, तर तिने दोन ठिकाणी दोन परस्परविरुद्ध मते कशी दिली?

ह्याचे उत्तर मालिकेत नाही, भूगोलात आहे. शिरूर मतदारसंघात जुन्नरचा शिवनेरी आहे आणि संभाजी महाराजांचे समाधिस्थान असलेले वढू बुद्रुकही आहे. कोल्हे स्वत: जुन्नर तालुक्यातील नारायणगावचे. बैलगाडा शर्यतीवरील बंदी, पुणे-नाशिक रस्त्यावरील कोंडी हे तेथील रोजचे विषय होते. तेथे मालिकेतील प्रतिमेला खालून माती मिळाली. हिंगण्याच्या प्रेक्षकाला संभाजीची कथा तेवढीच प्रिय असेल. पण ती प्रियता त्याच्या मतपत्रिकेवर उमेदवार होऊन उभी नव्हती, आणि तिला शोधीत त्याने त्या नटाचा पक्षही हुडकला नाही. कथा त्याने कथेच्या जागी ठेवली. केळकरांच्या परिभाषेत बोलावयाचे तर त्याचा विकल्प शाबूत होता.

ह्या प्रकरणाचा उत्तरार्ध २०२२ मध्ये घडला, आणि तोच अधिक बोधक आहे. राष्ट्रवादीत येण्यापूर्वी, २०१७ मध्ये, कोल्हे ह्यांनी एका चित्रपटात नथुराम गोडसेची भूमिका केली होती. तो चित्रपट जानेवारी २०२२ मध्ये आंतरजालावरून प्रदर्शित झाला, तेव्हा खुद्द त्यांच्याच पक्षातून जितेंद्र आव्हाड ह्यांच्यासारख्यांनी उघड विरोध केला. शरद पवार ह्यांनी भूमिका आणि मत ह्यांत भेद करावा, अशी बाजू घेतली. कोल्हे ह्यांनी आळंदीला जाऊन आत्मक्लेशही केला. पवारांचा युक्तिवाद कलाशास्त्राच्या कसोटीवर निर्दोष आहे. नट म्हणजे पात्र नव्हे, हे कोणीही मान्य करील. परंतु हा सिद्धांत २०१९ मध्ये कोणी उच्चारला नव्हता. नटाच्या संभाजीचे तेज उमेदवाराच्या मुखावर पडत होते, तेव्हा नट आणि पात्र वेगळे आहेत हे मतदारांना सांगण्याची निकड कोणत्याही पक्षाला भासली नाही. गोडसेची छाया त्याच मुखावर पडू लागताच ती भासली. भूमिका लाभाची असली की अद्वैत, आणि तोट्याची असली की द्वैत, असा हा व्यवहार आहे. तो एकाच पक्षाचा नव्हे; सीता आणि रावण उभे करणाऱ्यांनीही त्याहून निराळे काही केले नव्हते.

आणि मतदार? शिरूरने २०२४ मध्ये कोल्हे ह्यांना पुन्हा निवडून दिले. प्रतिस्पर्धी पुन्हा आढळरावच, पण दोघांच्या पक्षांची नावे वा चिन्हे बदललेली. ह्या वेळी संभाजीची मालिका चालू नव्हती आणि गोडसेचा चित्रपट सर्वांना ठाऊक होता. मतदाराने पहिल्या भूमिकेचे श्रेय चालू ठेवले की दुसरीचा दोष माफ केला, असा प्रश्न घालणे म्हणजे पुन्हा त्याच भ्रमात जाणे होय. पक्षफुटीनंतर कोण कोणाबरोबर राहिले, हा त्या निवडणुकीचा विषय होता.

येथे एक अडचण मात्र मान्य केली पाहिजे. न्या. बोस ह्यांचा खंबीर वाचक हे वर्णन नव्हे, अपेक्षा आहे. सर्वच प्रेक्षक तसे असतात असे ते माप म्हणत नाही. निर्णय करताना तसाच मनुष्य समोर धरावा, एवढेच ते म्हणते. म्हणून त्याच्या आधारे प्रेक्षकशास्त्र रचता येणार नाही. दुसरी अडचण सिद्धांतातलीच आहे. केळकरांपुढे नाटक होते, तीन-चार तासांत संपणारे, घराबाहेर पाहिलेले. मालिका वर्षानुवर्षे चालते, जेवणाच्या ताटाशी चालते, आणि एकेका मुखाचे समीपदृश्य संगीताच्या तालावर इतक्या वेळा परत दाखविते की ते मुख शेजाऱ्याच्या मुखाइतके ओळखीचे होते. अशा वेळी ‘तो’ आणि ‘मी’ ह्या दोन टोकांमध्ये ‘नट’ हे तिसरे टोक येऊन बसते. सविकल्प समाधीची फेरमांडणी करावयाची झाल्यास ती येथून करावी लागेल. पुराणपुरुष आणि राष्ट्रपुरुष ह्यांच्या बाबतीत तर प्रेक्षक स्वत:चा ‘मी’ थोडा मागेच ठेवतो. संभाजीच्या चरित्रातील एखाद्या प्रसंगाविषयी मतभेद दाखविण्याची मुभा तो स्वत:लाही सहसा देत नाही. नत्थूच्या बाबतीत त्याला जे साधते ते तेथे साधत नाही. मालिकाकारांना हे नेमके ठाऊक आहे, आणि म्हणूनच ऐतिहासिक मालिकांत विकल्पाला जागा देणारे प्रसंग, म्हणजे नायकाची चूक, त्याचा संशय, त्याचा पश्चात्ताप, लेखक टाळतो किंवा दुसऱ्याच्या माथी मारतो. ‘स्वराज्यरक्षक संभाजी’सारखी दीर्घ मालिकाही ह्याला अपवाद ठरत नाही, कारस्थान नेहमी दुसऱ्याचे असते. हा दोष नाट्याचा आहे, आणि तो तसाच दाखवून देणे हे समीक्षेचे काम आहे. त्याची जबाबदारी प्रेक्षकाच्या बुद्धीवर टाकली की मालिकाकार सुटतो आणि पक्षही सुटतात.

बोस ह्यांचे माप अजून वापरात आहे. मार्च २०२४ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातील एका प्राध्यापकाने भ्रमणध्वनीवर प्रकट केलेल्या राजकीय मतावरून दाखल झालेला गुन्हा रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा त्याचाच आधार घेतला. एका सामान्य नागरिकाचे तात्कालिक मत त्या मापाच्या संरक्षणास पात्र ठरले. मालिका पाहून उठलेल्या माणसाचे मत विद्यापीठीय प्रबंधांत अद्याप ‘प्रभाव’ ह्या सदराखालीच नोंदले जाते.