हत्येचा परवाना आणि अभिनयाची कसोटी : जेम्स बाँडच्या भूमिकेतील सहा नटांचा तुलनात्मक विचार

प्रस्तावना

इयान फ्लेमिंग यांच्या 'कॅसिनो रॉयाल' (१९५३) या कादंबरीतून जन्माला आलेला ब्रिटिश गुप्तहेर जेम्स बाँड १९६२ साली 'डॉ. नो' या चित्रपटाद्वारे रुपेरी पडद्यावर अवतरला. तेव्हापासून २०२१ मधील 'नो टाइम टू डाय'पर्यंत ईऑन या निर्मितीसंस्थेने २५ बाँडपट काढले आणि त्यांत सहा नटांनी ही भूमिका केली. शॉन कॉनरी यांचे सहा, जॉर्ज लेझनबी यांचा एक, रॉजर मूर यांचे सात, टिमोथी डाल्टन यांचे दोन, पिअर्स ब्रॉस्नन यांचे चार आणि डॅनिएल क्रेग यांचे पाच असा हा हिशेब आहे. कॉनरी यांचा 'नेव्हर से नेव्हर अगेन' (१९८३) हा चित्रपट या मालिकेबाहेरचा असल्याने तो येथे विचारात घेतलेला नाही.

या सहांपैकी श्रेष्ठ बाँड कोणता, हा वाद चित्रपटरसिकांत अर्धशतकाहून अधिक काळ चालू आहे. तो बहुधा आवडीनिवडीच्या पातळीवरच घुटमळतो. ज्याने ज्या वयात जो बाँड प्रथम पाहिला, तोच त्याला खरा वाटतो. समीक्षेला मात्र एवढ्यावर थांबता येत नाही. श्रेष्ठत्वाचा निर्णय करावयाचा तर आधी कसोटी निश्चित करावी लागते. अशी एक कसोटी मांडून तिच्या आधारे या सहा नटांच्या अभिनयाची तुलना करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कसोटीचा प्रश्न

एकाच भूमिकेतील अनेक नटांची तुलना मराठी रसिकाला नवी नाही. 'नटसम्राट'मधील गणपतराव बेलवलकर डॉ. श्रीराम लागू यांचे थोर की दत्ता भट यांचे, हा वाद मराठी नाट्यरसिकांनी आवडीने घातला आहे. परंतु तेथे वि. वा. शिरवाडकरांची संहिता स्थिर होती. बदलत होता तो नट. बाँडच्या बाबतीत नटाबरोबर पटकथा, दिग्दर्शक, काळ आणि जगाचे राजकारणही बदलले. त्यामुळे दोन बाँडांची तुलना करताना नेमके कशाचे मूल्यमापन होत आहे, हे सांगणे अवघड जाते.

नाट्यशास्त्राने अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार मानले आहेत. बाँडविषयीची बहुतेक चर्चा यांपैकी आहार्याभोवती, म्हणजे वेषभूषा व बाह्य रूपाभोवती फिरते. कोट कोणाला शोभला, मद्याचा प्याला कोणी ऐटीत धरला, मोटार कोणी डौलात हाकली, हेच तिचे विषय. २००५ साली क्रेग यांची निवड जाहीर झाली तेव्हा त्यांच्या सोनेरी केसांवरून केवढा गहजब झाला, हे याचे उत्तम उदाहरण होय. सात्त्विक अभिनयाचा, म्हणजे अंतःकरणातील भाव शरीरात कसा उमटतो याचा, विचार त्या मानाने फार थोडा झाला.

बाँडच्या बाबतीत या विचाराला एक निश्चित जागा आहे. त्याच्या क्रमांकातील दोन शून्ये म्हणजे राज्यसंस्थेने दिलेला हत्येचा परवाना. हा मनुष्य नोकरी म्हणून माणसे मारतो. तेव्हा त्याच्या हातून हत्या घडते तो क्षण आणि त्यानंतरचे काही क्षण नट कसे साकारतो, ही या भूमिकेची खरी कसोटी ठरते. सहाही नटांच्या वाट्याला असे प्रसंग आल्याने तुलनेला समान भूमीही मिळते.

संहितेतील बाँड

ही कसोटी बाहेरून लादलेली नाही. फ्लेमिंग यांच्या पहिल्याच कादंबरीत बाँडने आपला क्रमांक दोन हत्या करून मिळवल्याचे येते. एक न्यूयॉर्कमधील जपानी सांकेतिक लिपीतज्ज्ञाची, दुसरी स्टॉकहोममधील नॉर्वेजियन दुहेरी हेराची. त्याच कादंबरीत, जखमी अवस्थेत रुग्णालयात पडलेला बाँड नायक कोण आणि खलनायक कोण, या प्रश्नाने अस्वस्थ होतो आणि नोकरी सोडण्याची भाषा करतो. 'गोल्डफिंगर' (१९५९) या कादंबरीच्या आरंभी तो मायामीच्या विमानतळावर मद्य घेत, नुकत्याच मारलेल्या एका मेक्सिकन माणसाचा विचार करीत बसलेला दिसतो. कादंबरीतील बाँड हत्या टाळत नाही, पण ती विसरूही शकत नाही. ही दुहेरी वृत्ती पडद्यावर कोणी आणि कितपत आणली, हे आता पाहावयाचे आहे.

कॉनरी आणि लेझनबी

'डॉ. नो'मध्ये बाँड अंधाऱ्या खोलीत पत्ते मांडत प्रोफेसर डेंटची वाट पाहतो. डेंटच्या पिस्तुलातील गोळ्या संपल्या आहेत, हे ठाऊक असूनही तो त्याला गोळी घालतो आणि तो कोसळल्यावर आणखी एक गोळी झाडतो. कॉनरी यांच्या चेहऱ्यावर ना राग, ना आनंद. काम उरकल्याची शांतता तेवढी दिसते. १९६२ च्या प्रेक्षकाला नायकाचे हे रूप अपरिचित होते. एडिंबरोच्या कामगारवस्तीत वाढलेल्या आणि एकेकाळी दूध पोचविण्याचे काम केलेल्या या नटाविषयी फ्लेमिंग आरंभी साशंक होते. दिग्दर्शक टेरेन्स यंग यांनी त्यांना उच्चभ्रू रीतिरिवाजांचे वळण लावले. पण त्या वळणाखालचा रांगडेपणा कायम राहिला, आणि भूमिकेचे बळ तेथेच होते. 'फ्रॉम रशिया विथ लव्ह' (१९६३) मधील आगगाडीच्या डब्यातील झुंज आंगिक अभिनयाचा नमुना मानावी लागेल. तेथे बाँडला खरोखर मरणाचे भय वाटते.

फ्लेमिंग यांचे मत पुढे पालटले आणि 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस' (१९६४) या कादंबरीत त्यांनी बाँडच्या वडिलांना स्कॉटिश ठरविले. नटाने लेखकाच्या पात्राला वंशावळ द्यावी, हा दुर्मीळ मान होय. तरीही कॉनरी यांचा बाँड हत्येनंतर विचारात पडत नाही. त्यांनी कादंबरीतील थंडपणा उचलला, अस्वस्थता उचलली नाही.

लेझनबी हे मूळचे जाहिरातींत काम करणारे ऑस्ट्रेलियन मॉडेल. 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस' (१९६९) मधील त्यांचे संवाद अनेक ठिकाणी कच्चे वाटतात. पण अखेरीस नवपरिणीत पत्नी ट्रेसी गोळी लागून मरण पावते आणि ती केवळ विश्रांती घेत आहे, असे बाँड पोलिसाला सांगतो, तो प्रसंग त्यांनी विलक्षण संयमाने केला. मृत्यूचे दुःख या मालिकेत प्रथम तेथे आले. मात्र तो बाँडने घडविलेला मृत्यू नव्हता, तर त्याच्यावर कोसळलेला होता. त्यामुळे प्रस्तुत कसोटीला तो अर्धाच उतरतो.

मूर आणि डाल्टन

मूर यांनी ही भूमिका विनोदाच्या अंगाने नेली. 'द स्पाय हू लव्हड मी' (१९७७) मध्ये छपराच्या कडेवर बाँडचा टाय धरून लोंबकळणाऱ्या शत्रूकडून हवी ती माहिती मिळताच बाँड टायला झटका देतो आणि माणूस खाली पडतो. प्रेक्षक हसतो. उदयपूर येथे चित्रित झालेल्या 'ऑक्टोपसी' (१९८३) मध्ये तर पाठलागालाही जत्रेचे रूप येते. तलवार गिळणारा, खिळ्यांची शय्या, निखारे अशा वस्तूंच्या मांडणीत भारत आणि मृत्यू दोन्ही खेळण्यासारखे होतात. मूर यांना हे साधते, कारण त्यांचा बाँड आपण चित्रपटात आहोत हे जणू जाणून असतो.

'फॉर युवर आईज ओन्ली' (१९८१) मध्ये या पद्धतीची मर्यादा उघड होते. कड्याच्या टोकावर अडकलेल्या मोटारीत मारेकरी लॉक बसला आहे. त्याने बाँडच्या साथीदाराची हत्या केली आहे. बाँड मोटारीला लाथ घालतो आणि ती दरीत कोसळते. हा प्रसंग मूर यांना रुचला नव्हता. पडद्यावर मात्र त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर दिसणारा कठोरपणा त्यांच्या इतर कोणत्याही प्रसंगाहून खरा वाटतो. सातही चित्रपटांत जे त्यांनी टाळले, ते त्यांना अशक्य नव्हते, एवढे त्यावरून कळते.

डाल्टन यांनी भूमिका स्वीकारताना फ्लेमिंग यांच्या कादंबऱ्यांकडे परतण्याचा मार्ग निवडला. 'द लिव्हिंग डेलाइट्स' (१९८७) मध्ये ब्रातिस्लावा येथे एका बंदूकधारी स्त्रीला ठार करण्याचे काम बाँडवर येते. ती सराईत मारेकरी नाही, हे त्याच्या लक्षात येते आणि तो तिला न मारता तिच्या बंदुकीवर नेम धरतो. सहकारी तक्रार करण्याची धमकी देतो तेव्हा, नोकरी गेली तर आपण वरिष्ठांचे आभारच मानू, अशा आशयाचे उत्तर तो वैतागून देतो. या एका उत्तरात डाल्टन यांनी वर्षानुवर्षांचा थकवा भरला आहे. 'लायसन्स टू किल' (१९८९) मध्ये बाँडचा परवानाच काढून घेतला जातो आणि तो खासगी सूडासाठी मारत सुटतो. परवाना नसताना हीच कृती गुन्हा ठरते, मग परवाना असताना ती वेगळी कशी, हा प्रश्न मालिकेत प्रथमच इतक्या उघडपणे आला. पुढे कायदेशीर वादामुळे सहा वर्षे बाँडपट निघाला नाही आणि डाल्टन यांचा प्रयोग अपुरा राहिला.

ब्रॉस्नन आणि क्रेग

'गोल्डनआय' (१९९५) पासून ब्रॉस्नन यांनी कॉनरी यांचा दिमाख आणि मूर यांचा विनोद यांचा मेळ घातला. सोव्हिएत संघ लोपल्यानंतर बाँडची गरजच काय, हा प्रश्न त्या चित्रपटातच विचारला गेला. ब्रॉस्नन यांचा या कसोटीवरील उत्कृष्ट क्षण 'द वर्ल्ड इज नॉट इनफ' (१९९९) मध्ये आहे. बाँड आपल्याला मारणार नाही, अशी खात्री असलेल्या निःशस्त्र एलेक्ट्राला तो गोळी घालतो आणि मग तिच्या देहाजवळ क्षणभर वाकतो. त्या वाकण्यात प्रेम, घृणा आणि खंत एकवटली आहे. परंतु पटकथा त्यांना तेथे थांबू देत नाही. लगेच पुढचा पाठलाग सुरू होतो.

मार्टिन कॅम्पबेल यांनी 'गोल्डनआय'प्रमाणेच २००६ चा 'कॅसिनो रॉयाल'ही दिग्दर्शित केला. दोन्ही चित्रपट एकाच दिग्दर्शकाचे असल्याने नट आणि पटकथा यांतील फरक येथे विशेष स्पष्ट होतो. क्रेग यांच्या चित्रपटाचा आरंभच बाँडच्या पहिल्या दोन हत्यांनी होतो. पहिली प्रसाधनगृहात, धडपडत, ओबडधोबड रीतीने घडते; दुसरी एका गोळीत. दोहोंमधील अंतर म्हणजे एका माणसाचे बधिर होणे, आणि ते कृष्णधवल चित्रणात काही मिनिटांत दाखवले जाते.

याहून महत्त्वाचा प्रसंग मध्यावर येतो. हॉटेलच्या जिन्यात दोन माणसांना मारून बाँड खोलीत परततो, रक्त धुतो, मद्याचा घोट घेतो आणि आरशात स्वतःकडे पाहतो. क्रेग येथे एकही शब्द बोलत नाहीत. जड झालेला श्वास आणि स्वतःच्याच प्रतिमेवर खिळलेली नजर, एवढ्यावर प्रसंग उभा राहतो. मग सदरा बदलून तो पुन्हा पत्त्यांच्या डावाला जातो. पुढे व्हेस्पर अंगावरील कपड्यांनिशी पाण्याच्या धारेखाली बसलेली आढळते, तेव्हा तोही तसाच तिच्याशेजारी बसतो. हत्येची किंमत तिच्या शरीराने मोजलेली त्याला दिसते आणि आपण ती मोजणे थांबवले आहे, हे त्याच्या ध्यानी येते. सात्त्विक अभिनयाचे याहून नेमके उदाहरण या मालिकेत नाही.

काही आक्षेप

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, बाँडपट हा मनोरंजनाचा प्रकार असून त्याला नैतिक गांभीर्याचे ओझे कशाला? आक्षेपात तथ्य आहे. मूर यांच्या चित्रपटांनी असंख्य प्रेक्षकांना निर्भेळ आनंद दिला, तो कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु ज्या मनोरंजनात राज्याच्या नावाने केलेली हत्या हसण्याचा विषय होते, ते निरागस राहत नाही. प्रेक्षक कशावर हसतो, याला नटही काही अंशी उत्तरदायी असतो.

दुसरा आक्षेप असा की, क्रेग यांचे श्रेय वस्तुतः पटकथेचे आहे. हेही अंशतः खरे आहे. डाल्टन यांना तशी पटकथा मिळती तर निर्णय कदाचित वेगळा झाला असता. शिवाय क्रेग यांच्या उत्तरकालीन चित्रपटांत, विशेषतः 'स्पेक्टर' (२०१५) मध्ये, वेदना ही सवय बनते. प्रत्येक चित्रपटात नायकाला भूतकाळाची जखम हवीच, असा नवा साचा तयार होतो आणि पूर्वीच्या कोटाची जागा हे दुःखच घेते. तेही मग आहार्यच ठरते. म्हणून येथील निर्णय क्रेग यांच्या पाचही चित्रपटांना सरसकट लागू करता येत नाही.

निष्कर्ष

बाँडची भूमिका पडद्यावर घडविण्याचे श्रेय निर्विवादपणे कॉनरी यांचे आहे. पुढील प्रत्येक नटाने त्यांचे अनुकरण केले किंवा त्यांना नकार दिला. परंतु भूमिका घडविणे आणि भूमिकेचा तळ गाठणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हत्येच्या परवान्याचा अर्थ काय, हा प्रश्न डाल्टन यांनी प्रथम गंभीरपणे विचारला आणि 'कॅसिनो रॉयाल'मध्ये क्रेग यांनी त्याला शरीर दिले. एका चित्रपटातील एक अभिनय निवडावयाचा झाल्यास तो हाच निवडावा लागेल. नटाच्या पूर्ण कारकिर्दीचा निकाल लावताना मात्र दोन चित्रपटांत सुसंगत राहिलेल्या डाल्टन यांना आजवर मिळाले त्याहून बरेच वरचे स्थान द्यावे लागते.

२०२५ साली या मालिकेचे सर्जनशील नियंत्रण ब्रोकोली कुटुंबीयांकडून अ‍ॅमेझॉन एमजीएमकडे गेले. यापुढे जो नट ही भूमिका करील, त्याची उंची, केसांचा रंग आणि कोटाची बेतणी यांची चर्चा नेहमीप्रमाणे होईलच. समीक्षकाने मात्र त्याच्या हातून पहिली हत्या घडण्याची वाट पाहावी आणि त्यानंतर तो आरशात पाहतो की नाही, हे पाहावे.