जाणे भाग कोणाला होते?

अमेरिकेतल्या माझ्या भाचीने मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवायला घेतले आहे. तिकडे अशा घरशिक्षणात ख्रिस्ती कुटुंबांचा भरणा मोठा. त्यामुळे पुस्तकेही पुष्कळशी त्यांच्या वळणाची. शेजारणीने तिला चरित्रांची एक थप्पीच आणून दिली. भाचीचा फोन आला, "मावशी, हे वाचून पोरगं आपला धर्म विसरायचं नाही ना गं?"

मी म्हटले, "धर्माचं नंतर बघू. आधी पुस्तकं कशी आहेत ते बघू."

थप्पीत जॅनेट आणि जेफ बेंज या जोडप्याच्या 'ख्रिश्चन हीरोज: देन अँड नाऊ' मालिकेतली चरित्रे होती. ती मुलांना का धरून ठेवतात ते सांगायला हवे. इथले नायक राजेरजवाडे नव्हेत. विल्यम केरी जोडे शिवणारा, कोरी टेन बूम हार्लेम गावची घड्याळे दुरुस्त करणारी. हाताने काम करणारी माणसे मोठी होतात, हे मुलाला सहज कळते. घरशिक्षणवाले ज्यांना फार मानतात त्या शार्लट मेसन (1842–1923) या इंग्रज शिक्षिकेचे म्हणणेच असे की, कोरड्या पाठ्यपुस्तकापेक्षा जिवंत पुस्तक द्यावे आणि वाचल्यावर मुलाने ते आपल्या शब्दांत सांगावे. मला ते पटते.

पण केरीच्या पुस्तकाच्या नावाशीच मी अडखळले: 'ऑब्लाइज्ड टू गो'. म्हणजे ज्याला जाणे भाग होते असा. बरे, भाग कोणाला होते?

केरीची बायको डोरोथी. 1781 साली लग्नाच्या नोंदवहीत तिने सहीऐवजी फुली मारली; अक्षरओळख नव्हती. 1793 मध्ये नवऱ्याला हिंदुस्थानात जायचे होते, हिला दिवस गेलेले. ती नाही म्हणाली. निघणे लांबले, बाळंतपण झाले, पुन्हा आग्रह झाला, तेव्हा बहीण सोबत येणार असेल तर येते म्हणून निघाली. 1794 मध्ये बंगालात पाच वर्षांचा पीटर गेला. त्यानंतर तिचे मन जे ढळले ते सावरलेच नाही. 1807 मध्ये ती वारली. तिला कोंडून ठेवावे लागे. त्याच वर्षांत केरीची भाषांतरे होत होती, 1805 मध्ये त्याचे मराठी व्याकरणही निघाले. म्हणजे आपणही त्या घराचे थोडे देणेकरी आहोत. त्या मराठी कामात वैजनाथ पंडितांचा हात होता, तेही मुलाला कळले पाहिजे.

केरी वाईट होता असे मी म्हणत नाही. माझा आक्षेप चरित्राच्या साच्यावर आहे. एकाला हाक आली की बाकीचे त्याच्या वाटेतले खाचखळगे होतात. बायकोचे वेड हीसुद्धा नायकाची कसोटी. ज्याला हाक आली नाही त्याचे काय, हा प्रश्न साच्यात बसत नाही.

आता कोरीने स्वतःची हकीकत सांगितली ते 'द हायडिंग प्लेस' (1971) पाहा. राव्हेन्सब्रुकच्या छावणीत पिसवांसाठीही देवाचे आभार मानणारी बहीण बेट्सी, आणि ते न जमणारी आपण, असे कोरी मोकळेपणी सांगते. आपल्याकडे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' तशीच. 1895 मध्ये नवरा ख्रिस्ती झाला. मागे राहिलेल्या बाईवर काय गुदरले, ते तिनेच लिहिले, आणि स्वतःच्या सोवळ्याओवळ्यालाही हसत लिहिले. टिळकांचे मोठेपण त्याने कमी झाले का? उलट माणूस दिसू लागला.

हे लिहिताना आमचे घर झाकून चालणार नाही. शलाकापुरुष 63, आणि आम्हा दिगंबरांच्या मते त्यांत बाई एकही नाही. नेमिनाथांची वरात पशूंचा आक्रोश ऐकून मागे फिरते, ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकली. करुणेचा एवढा मोठा धडा दुसरा नाही. पण मेंदी लावून बसलेल्या राजुलचे काय, असे मी आजीला विचारले तेव्हा ती म्हणाली, "तिनंही दीक्षा घेतली की." खरे आहे. पण वरात फिरल्यापासून दीक्षेपर्यंतचे तिचे दिवस प्रवचनात येत नाहीत, बायकांच्या गाण्यांत येतात.

म्हणून भाचीला सांगितले: पुस्तके परत देऊ नकोस. केरी वाचून झाला की मेसनबाईंच्या रीतीप्रमाणे मुलाला गोष्ट सांगायला लाव. एकदा केरीची आणि एकदा डोरोथीची. दुसऱ्या वेळी तो अडेल, कारण पुस्तकात त्याला पुरेसे सापडणार नाही. तिथे तू त्याच्याबरोबर बस आणि शोध. मग नेमिनाथांची गोष्ट काढ, आणि तीही दोनदा सांगायला लाव.

धर्म विसरेल ही भीती मला नाही. तो उद्या आपल्या पुराणालाही हेच प्रश्न विचारील, तेव्हा "गप्प बस" म्हणायचे नाही, एवढे तुला सांभाळायचे आहे.