दोन क्रॉस, एक शाफ्ट

उचललेली जिप्सी कुणी दाखवायला आणली की मी सतरंजी अंथरून तिच्याखाली सरकतो आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट बघतो. मालकाने पैसा कुठे घातला आणि कुठे वाया घालवला, ते तिथे लख्ख कळते. टायर, विंच, बंपर या गोष्टी कुणालाही उभ्या उभ्या दिसतात. शाफ्टला दाद द्यायची तर अंगाला थोडी माती लागते.

वस्तू म्हणाल तर साधी. एक पोलादी नळी, दोन टोकांना दोन क्रॉस आणि लांबी कमी-जास्त व्हावी म्हणून आत-बाहेर सरकणारी स्प्लाइन. क्रॉसला चार बोटे, प्रत्येक बोटावर एक कप, कपात शिवणाच्या सुईहून जरा जाड अशा रोलरांची रांग. या जोडाशी सोळाव्या शतकातल्या कार्दानोचे आणि सतराव्या शतकातल्या रॉबर्ट हूकचे नाव जोडलेले आहे. मोटारीसाठी त्याचे पेटंट 1903 साली अमेरिकेत क्लॅरेन्स स्पायसरला मिळाले.

या जोडात एक जन्मजात खोड आहे. वाकलेल्या क्रॉसमधून फिरणारी गती एकसारखी बाहेर पडत नाही. प्रत्येक फेऱ्यात ती दोनदा वाढते आणि दोनदा घटते. कोन 10 अंशांचा असेल तर हा चढउतार दोन्ही बाजूंना दीड टक्का, 20 अंशांना तो सहा टक्क्यांवर जातो. त्यावरचा उपाय मला दर वेळी नव्याने आवडतो. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला तसाच क्रॉस, तितक्याच कोनात. पहिल्याने जे बिघडवले ते दुसरा नेमके उलट करून फेडतो. मधली नळी एकटी हेलकावे सोसते आणि चाकांपर्यंत गती शांतपणे पोचते. अट एवढीच, की नळीच्या दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे काटे, एका रेषेत हवेत आणि ट्रान्सफर केसचा अक्ष व डिफरन्शियलच्या पिनियनचा अक्ष एकमेकांना समांतर हवेत.

गाडी उचलताना घोटाळा होतो तो या समांतरपणाचा. जिप्सीचा एक्सल मुळात पाट्यांच्या वर बसतो. तो पाट्यांखाली घेतला की गाडी सुमारे 5 इंच उचलली जाते. नवे पाटे लागत नाहीत, फक्त एक्सलच्या नळीवर नव्या बैठका वेल्ड करायच्या, म्हणून हा लिफ्ट स्वस्त. (परवानगीचे आधी बघा, मोटार वाहन कायद्याचे कलम 52 मूळ बनावटीत मनमानी बदल करू देत नाही.) 700 मिलिमीटरचा, जवळजवळ आडवा असलेला शाफ्ट 125 मिलिमीटर खाली झुकला तर त्याचा कोन 10 अंशांनी वाढतो. शाफ्ट जितका आखूड तितका कोन जास्त. हा झुकलेला शाफ्ट पाहून वेल्डरला वाटते, पिनियनचे तोंड वर करून त्याच्याकडेच वळवावे. तसे केले की खालचा क्रॉस जवळपास सरळ होतो, डोळ्याला बरे दिसते, आणि वरच्या क्रॉसची खोड फेडायला कुणी उरत नाही.

माझ्या पहिल्या जिप्सीत हेच झाले होते. ताशी 60 च्या पुढे गेले की बुडाखालून घरघर यायची. टायर बॅलन्स झाले, बेअरिंगे बदलली, पैसे गेले, घरघर तशीच. शेवटी एका वयस्कर मिस्त्रींनी मुलाच्या कंपासपेटीतला कोनमापक मागवला, त्याच्या मध्यबिंदूला दोरा बांधला, दोऱ्याला एक नट लटकवला आणि तो ट्रान्सफर केसच्या फ्लँजवर टेकवला. चार अंश. मग पिनियनच्या फ्लँजवर. नऊ. "साहेब, पाच अंशांचं भांडण आहे," एवढेच ते बोलले. पाटा आणि बैठक यांच्यामध्ये पाच अंशांच्या पोलादी पाचरी बसवल्या, सेंटर बोल्ट थोडे लांब घातले, आणि त्या संध्याकाळी घरघर बंद झाली. पाचर ॲल्युमिनियमची मिळते, पण ती दाबाने तडकते, पोलादीच घ्या. त्याहून बरे म्हणजे बैठका आधी नुसत्या टाक्यांवर धरायच्या, गाडीचा सगळा भार चाकांवर सोडायचा, कोन मोजायचा आणि मगच पक्के वेल्ड मारायचे. याला वेगळा खर्च काहीच नाही.

लिफ्टने शाफ्टची वाटही लांबते आणि स्प्लाइन बाहेर ओढली जाते. ती पुरेशी आत राहिली नाही तर उताराला चाक लोंबकळल्यावर शाफ्ट सुटूही शकतो. फ्लँजमध्ये जाड चकती घालून ही तूट भरता येते. लेथवाल्याकडचे काम, खिशाला झेपणारे. ट्रान्सफर केस खाली उतरवून कोन कमी करण्याची युक्ती मला पटत नाही. कमावलेली उंची त्यात परत जाते, आणि जिप्सीत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून सुटा असल्याने मधला छोटा शाफ्टही वाकडा होतो.

हा सुटा ट्रान्सफर केसच जिप्सीच्या सुझुकी घराण्याचे मोठे धन आहे. मोठ्या टायरांनी गाडी मंदावते, तेव्हा दोन्ही एक्सलचे क्राऊन-पिनियन बदलण्याचा खर्च बहुतेकांना परवडत नाही. 1.3 लिटरच्या सामुराईचा हाय रेशो 1.409, तर जुन्या 1 लिटरच्या एसजे 410 चा 1.580. जुन्या गाडीचा केस नव्या गाडीत बसवला की जवळपास 12 टक्के ओढ परत मिळते. जगभरच्या सुझुकीवेड्यांची ही युक्ती मला अभिजात वाटते: भंगारातला एक डबा, आणि चारही चाकांचा हिशेब एकदम जुळतो.

वरच्या टोकाला दोन क्रॉस जोडलेला डबल कार्डन शाफ्ट आखूड आणि फार उचललेल्या गाडीला लागतोच, जीप रँग्लर त्याचे ठळक उदाहरण. त्याच्यासोबत मात्र पिनियन शाफ्टकडेच वळलेला हवा, कारण वरची जोडी आपली खोड आपणच फेडते. म्हणजे एका शाफ्टला जी चूक, तीच दुसऱ्याला शिस्त. कुठला शाफ्ट आहे हे न विचारता कोन सांगणाऱ्याचे ऐकू नका. लॉकर वगैरे नंतर; आधी हे.

आणि क्रॉस. कपाच्या सीलभोवती तांबूस पूड दिसली तर आतल्या सुया कोरड्या पडून गंजल्या आहेत असे समजा आणि लगेच बदला. शाफ्ट काढण्याआधी स्प्लाइनच्या दोन्ही भागांवर रंगाची एकच रेघ ओढा. एक दात चुकला तरी योकांची रेषा मोडते. ओढ्यातून किंवा चिखलातून आल्यावर निपलला ग्रीसगन लावा आणि चारही कपांतून जुने काळे ग्रीस निघून नवे दिसेपर्यंत दाबत राहा.