चाहत्यांचा सुधारणावाद आणि संघाची मालकी : एनबीएच्या निमित्ताने एक चिकित्सा

प्रास्ताविक

कोणत्याही लोकप्रिय खेळाचा चाहता मनातल्या मनात त्या खेळाचा पंच, प्रशिक्षक आणि आयुक्तही असतो. सामना संपल्यावर तो केवळ हार-जितीविषयी बोलत नाही; आपल्या हाती कारभार असता तर आपण काय बदलले असते, हेही तो हिरिरीने सांगतो. अमेरिकेतील नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन अर्थात एनबीए ही व्यावसायिक स्पर्धा या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. १९४६ मध्ये बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिका या नावाने स्थापन झालेल्या आणि १९४९ मध्ये सध्याचे नाव धारण केलेल्या या संघटनेच्या चाहत्यांनी सुधारणांचे एक अलिखित मागणीपत्रच तयार केले आहे. हंगामातील सामने कमी करा, तीन गुणांची रेषा मागे न्या, मुद्दाम हरणाऱ्या संघांना आळा घाला, शेवटच्या मिनिटांतील खोळंबा थांबवा आणि आमचा संघ आमच्या शहरातून हलवू नका, ही त्यातील प्रमुख कलमे होत.

या मागण्यांकडे सामान्यतः रिकामपणची करमणूक म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखात त्यांच्याकडे समीक्षा म्हणून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. आपल्या काव्यशास्त्राने सहृदय रसिकाला आस्वादाच्या प्रक्रियेत महत्त्वाचे स्थान दिले. त्याच न्यायाने खेळाचा दीर्घकाळचा प्रेक्षक हाही त्या खेळाचा अधिकारी जाणकार मानावयास हवा. तथापि, जाणकाराची समीक्षाही चिकित्सेच्या पलीकडे नसते. म्हणून चाहत्यांच्या कोणत्या सूचना ऐकल्या गेल्या, कोणत्या ऐकल्या गेल्या नाहीत आणि या निवडीमागचे तत्त्व कोणते, हे येथे तपासावयाचे आहे.

नियमांची सुधारणा

एनबीएच्या इतिहासातील सर्वांत यशस्वी सुधारणा प्रेक्षकाच्या कंटाळ्यातून जन्मली. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेन पिस्टन्सने मिनियापोलिस लेकर्सचा १९-१८ असा पराभव केला. आघाडी मिळताच चेंडू केवळ हातात राखून ठेवावयाचा, हे त्या काळचे डावपेच नियमबाह्य नव्हते. परंतु ते पाहण्यासाठी तिकीट कोण काढणार, हा प्रश्न होता. १९५४ मध्ये सिराक्यूज संघाचे मालक डॅनी बायसोन यांच्या पुढाकाराने चोवीस सेकंदांचा नियम आला. त्यामागील हिशेब साधा होता. रंगतदार सामन्यात दोन्ही संघ मिळून सुमारे १२० वेळा बास्केटच्या दिशेने चेंडू टाकतात. ४८ मिनिटांच्या २८८० सेकंदांना १२० ने भागले की २४ येतात. पुढच्याच हंगामात संघांची सरासरी गुणसंख्या ७९ वरून ९३ वर गेली.

१९७९-८० च्या हंगामात स्वीकारलेल्या तीन गुणांच्या रेषेची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. पहिल्या हंगामात प्रत्येक संघ सामन्याला सरासरी तीनपेक्षाही कमी वेळा तीन गुणांचा प्रयत्न करीत असे. २०२४-२५ मध्ये ही संख्या ३७ च्या पुढे गेली. सर्व संघ एकसारखे खेळू लागले, ही चाहत्यांची तक्रार यातूनच आली. परंतु रेषा सरसकट मागे नेण्याचा उपाय वाटतो तितका सोपा नाही. मैदानाची रुंदी ५० फूट असल्याने बास्केटच्या मध्यापासून कडेची रेषा २५ फुटांवर येते. तीन गुणांची रेषा समोर २३ फूट ९ इंचांवर असली तरी कोपऱ्यात ती २२ फुटांवरच ठेवावी लागते. कारण तीही पावणेचोवीस फुटांवर नेली तर खेळाडूला पाऊल ठेवण्यास सव्वा फुटाचीच जागा उरेल. म्हणजे रेषा मागे नेणे याचा अर्थ एकतर मैदान रुंद करणे किंवा कोपऱ्यातील तीन गुण रद्द करणे. मैदान रुंद करावयाचे तर त्याला लागून असलेल्या सर्वांत महागड्या आसनांवर गदा येते. येथे चाहत्याची सौंदर्यदृष्टी प्रथमच अर्थकारणाला भिडते.

शेवटच्या मिनिटांतील खोळंब्याबाबत मात्र एका चाहत्याचा विचार प्रत्यक्ष मैदानापर्यंत पोहोचला. पिछाडीवरील संघ घड्याळ थांबविण्यासाठी मुद्दाम फाउल करीत राहतो आणि सामना फ्री थ्रोच्या रांगेत विरून जातो, हे निक एलम या शिक्षकाला खटकत होते. त्याने सुचविले की, अखेरच्या टप्प्यात घड्याळच बंद करावे, आघाडीवरील संघाच्या गुणांत ठराविक गुण मिळवून एक लक्ष्य निश्चित करावे आणि जो संघ ते आधी गाठेल तो विजयी ठरवावा. 'द बास्केटबॉल टूर्नामेंट' या स्वतंत्र स्पर्धेने २०१७ मध्ये ही पद्धत वापरून पाहिली. २०२० मध्ये शिकागो येथील ऑल-स्टार सामन्यात एनबीएने ती स्वीकारली आणि तो सामना १५७-१५५ असा चुरशीचा झाला. परंतु २०२४ मध्ये ऑल-स्टार सामन्यातून ती काढण्यात आली आणि पूर्व विभागाने पश्चिम विभागाला २११-१८६ असे हरविले. नियमित हंगामातील सामन्यांना तर या पद्धतीचा स्पर्शही झाला नव्हता. सूचना उत्तम असूनही ती प्रदर्शनीय सामन्यापुरती मर्यादित राहिली, ही बाब सूचक आहे.

स्पर्धेच्या रचनेची सुधारणा

एनबीएमध्ये तळाच्या संघांना नवोदित खेळाडूंच्या निवडीत अग्रक्रम मिळतो. दुर्बलांना बळ देणे हा या पद्धतीचा हेतू. परंतु त्यामुळे हरणे फायद्याचे ठरते. १९८५ मध्ये सोडत आणून या प्रवृत्तीला आवर घालण्याचा प्रयत्न झाला. तरीही फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्सने २०१३ ते २०१६ या काळात भावी खेळाडूंच्या आशेने दुबळा संघ उतरविण्याचे उघड धोरण राबविले. त्यांनी तीन हंगामांत अनुक्रमे १९, १८ आणि अवघे १० सामने जिंकले.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या धोरणाला टाळ्या देणाऱ्यांतही चाहतेच होते. 'प्रक्रियेवर विश्वास ठेवा' ही घोषणा फिलाडेल्फियाच्या प्रेक्षागारात अभिमानाने दिली जात होती. मुद्दाम हरणे ही खेळाशी प्रतारणा आहे, असे म्हणणारा चाहता आपल्याच संघाच्या पराभवात गुंतवणूक पाहू लागतो, तेव्हा तो प्रेक्षक राहिलेला नसतो. तो मालकाच्या हिशेबाने विचार करू लागलेला असतो. हा हिशेब पुढे फारसा जमलाही नाही. २००१ नंतर २०२५ पर्यंत हा संघ आपल्या विभागाच्या अंतिम फेरीतही पोहोचला नव्हता.

यावरील एक मार्मिक उपाय ॲडम गोल्ड या अभ्यासकाने २०१२ मध्ये मांडला. संघ बाद फेरीच्या शर्यतीतून बाहेर पडल्यानंतर त्याने जिंकलेले सामने मोजावेत आणि त्या क्रमाने निवडीचा हक्क द्यावा, असे त्याचे सूत्र होते. दुबळा संघ लवकर बाहेर पडत असल्याने त्याला जिंकण्याची संधी अधिक मिळते; मात्र हक्क मिळवावयाचा तर त्याला जिंकावेच लागते. महिलांच्या व्यावसायिक आइस हॉकी लीगने २०२४ मध्ये हे सूत्र स्वीकारले. एनबीएने मात्र २०१९ मध्ये सोडतीतील शक्यतांची फेररचना केली आणि तळाच्या तीन संघांना पहिल्या निवडीची प्रत्येकी १४ टक्के संधी दिली. हरण्याचे बक्षीस त्यामुळे कमी झाले, नाहीसे झाले नाही.

सामन्यांच्या संख्येबाबतही असाच अनुभव येतो. १९६७-६८ पासून ८२ सामन्यांचा हंगाम रूढ आहे. प्रत्येक संघाने उरलेल्या २९ संघांशी एकदा घरच्या व एकदा परक्या मैदानावर खेळावे, म्हणजे ५८ सामने पुरेत, हा चाहत्यांचा युक्तिवाद तर्कशुद्ध आहे. परंतु सामने घटले की तिकिटांचे उत्पन्न घटते; आणि एकूण उत्पन्नाचा सुमारे निम्मा वाटा खेळाडूंना मिळत असल्याने त्यांचीही मिळकत घटते. त्यामुळे मालक किंवा खेळाडू यांपैकी कोणीही या मागणीमागे मनापासून उभे राहत नाही. २०२३ मध्ये आलेला उपाय सामने कमी करण्याचा नव्हता. प्रमुख पुरस्कारांसाठी किमान ६५ सामने खेळण्याची अट घालण्यात आली आणि हंगामाच्या मध्येच एक चषक स्पर्धा सुरू करण्यात आली. थकव्याच्या तक्रारीवर अधिक आकर्षणाचा उतारा देण्यात आला, असेच याचे वर्णन करावे लागेल.

मताधिकाराचा अनुभव

चाहत्यांना प्रत्यक्ष अधिकार दिल्यास काय होते, याचेही एक उदाहरण उपलब्ध आहे. ऑल-स्टार सामन्याचे आरंभीचे खेळाडू चाहत्यांच्या मतांनी निवडले जात. २०१६ मध्ये झाझा पाचुलिया हा कष्टाळू पण सामान्य वकुबाचा खेळाडू सुमारे १४ हजार मतांच्या फरकाने या मानापासून वंचित राहिला. २०१७ पासून चाहत्यांच्या मतांचे वजन निम्म्यावर आणून उरलेले खेळाडू व पत्रकार यांत समान वाटण्यात आले. हा निर्णय गैर होता असे म्हणता येणार नाही. परंतु जेथे निर्णयाचे परिणाम भोगावे लागत नाहीत, तेथे मत थट्टेचे साधन होते. चाहत्यांना शोभेपुरताच अधिकार द्यावयाचा आणि मग ते तो शोभेसारखा वापरतात अशी तक्रार करावयाची, यात अंतर्विरोध आहे.

संघ कोणाचा?

अधिकाराचा खरा प्रश्न सिएटलमध्ये उपस्थित झाला. १९७९ चे विजेतेपद मिळविणारा सुपरसॉनिक्स संघ २००६ मध्ये ओक्लाहोमा सिटीच्या क्ले बेनेट यांच्या गटाला विकण्यात आला. त्याच वर्षी सिएटलच्या सुमारे तीन चतुर्थांश मतदारांनी असा कौल दिला की, सार्वजनिक पैसा व्यावसायिक संघांच्या क्रीडागारात घालावयाचा तर त्याचा रास्त परतावा शहराला मिळाला पाहिजे. २००८ मध्ये मालकांच्या मंडळाने २८ विरुद्ध २ मतांनी स्थलांतराला संमती दिली. शहराशी साडेचार कोटी डॉलरची तडजोड झाली आणि ४१ हंगाम सिएटलमध्ये खेळलेला संघ निघून गेला. नाव आणि रंग तेवढे मागे राहिले.

याउलट सॅक्रामेंटो येथे चाहत्यांनी आणि माजी खेळाडू असलेले महापौर केव्हिन जॉन्सन यांनी किंग्ज संघ रोखून धरला. हा संघ ज्या शहरात नेण्याचा बेत होता ते सिएटलच होते, हा दैवदुर्विलास. मे २०१३ मध्ये मंडळाने स्थलांतराचा प्रस्ताव २२ विरुद्ध ८ मतांनी फेटाळला आणि मुंबईत जन्मलेले उद्योजक विवेक रणदिवे यांच्या गटाने संघ विकत घेतला. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईच्या वरळीत एनबीएचे भारतातील पहिले सामने झाले, तेव्हा इंडियाना पेसर्ससमोर उभा राहिलेला संघ हाच. परंतु सॅक्रामेंटोच्या या विजयाची किंमतही नोंदविली पाहिजे. नव्या क्रीडागारासाठी शहराने सुमारे साडेपंचवीस कोटी डॉलरचा भार उचलला. मालकीत शहराला वाटा मिळाला नाही. एका शहराने परतावा मागितला आणि संघ गमावला. दुसऱ्याने परतावा न मागता पैसे दिले आणि संघ राखला. चाहत्याचे प्रेम हेच मालकाचे वाटाघाटीतील सर्वांत मोठे भांडवल असते, हा या दोन घटनांचा अर्थ होय.

यावर पर्याय नाहीत असे नाही. अमेरिकन फुटबॉलमधील ग्रीन बे पॅकर्स हा संघ हजारो सामान्य भागधारकांच्या मालकीचा आहे. जर्मन फुटबॉलमध्ये काही अपवाद वगळता क्लबच्या सभासदांकडे मतांचे बहुमत असते. एनबीएमध्ये बोस्टन सेल्टिक्सचे हिस्से १९८६ मध्ये शेअर बाजारात आले होते. पण ते मर्यादित भागीदारीचे असल्याने त्यांतून कारभाराचा अधिकार मिळत नव्हता.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, चाहत्याची सूचना खेळाचे आकर्षण वाढविते तेव्हा ती स्वीकारली जाते, उत्पन्नाला धक्का लावते तेव्हा तिला पर्याय शोधला जातो आणि मालकीला हात घालते तेव्हा ती ऐकलीच जात नाही. २०२४ मध्ये सुमारे ७६ अब्ज डॉलरचा अकरा वर्षांचा प्रक्षेपण करार करणाऱ्या संघटनेकडून वेगळी अपेक्षा करणे भाबडेपणाचे ठरेल. पण उणीव चाहत्यांच्या समीक्षेतही आहे. ती रेषा किती फुटांवर असावी याचा सूक्ष्म विचार करते. रेषा आखण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न मात्र संघ शहर सोडून निघाल्यावरच विचारते.

हा विषय आपल्याला दूरचा वाटण्याचे कारण नाही. शहराच्या नावाने संघ आणि व्यक्तीच्या नावाने मालकी, ही रचना आपणही स्वीकारली आहे. पुणे शहराने २०११ ते २०१३ आणि पुन्हा २०१६-१७ मध्ये आयपीएलचे दोन संघ येताना व जाताना पाहिले; दोन्ही वेळा निर्णय पुणेकरांच्या हाती नव्हता. एनबीएच्या चाहत्यांच्या मागणीपत्रातील शेवटचे कलम पहिल्या क्रमांकावर आणले, तरच बाकीच्या कलमांना अर्थ येईल.