कोरवीण सांगते भूगोल

आमच्या मोर्शीत बसून तंजावरचे संगीत शोधणे म्हणजे संत्र्याच्या बागेत नारळ शोधणे, असे मित्र मला म्हणतात. पण ती वाट आपल्या देवळातूनच निघते. आपल्या कीर्तनातल्या साक्या-दिंड्या तमिळ मुलखातल्या हरिकथेतही रुजल्या आहेत. त्यांचा माग काढता काढता मला दुसरे सरफोजीराजे भोसले (१७७७-१८३२) भेटले.

सरस्वती महाल ग्रंथालयामुळे त्यांचे नाव पुष्कळांना ठाऊक असते. रचनाकार म्हणून मात्र ते आपल्या घरांत फारसे पोचलेच नाहीत. १७९९ च्या तहाने राज्य इंग्रजांकडे गेले आणि राजांकडे तंजावरचा किल्ला व भोवतालचा थोडा मुलूख तेवढा उरला. अशा राजाने मराठीत ‘देवेंद्र कुरवंजी’ रचली. कुरवंजी हे मूळचे तमिळ नृत्यनाट्य. त्यातली कोरवीण विरहिणी नायिकेचा हात पाहून भविष्य सांगते. सरफोजींची कोरवीण मात्र चक्क जगाचा भूगोल गाते!

निव्वळ काव्य म्हणून पाहिले तर हे साहित्य रुक्ष आहे. नावांची यादी म्हणजे कविता नव्हे. पण ते वाचायचे नाहीच, गायचे आणि नाचायचे आहे. राजांची खरी समज दिसते ती ‘कोरव्यांच्या साहित्याचे जिन्नस’ या निरूपणांत. एकेका निरूपणात जयजय, शरणू, अलारू यांपासून तिल्लाना आणि मंगलापर्यंत अठरा रचना. आणि साऱ्यांना कथा एक, राग एक, ताल एक. कंटाळा येईल? ख्याल ऐकणाऱ्या आपल्या कानांना एका रागात तासभर रमण्याची सवय आहेच. इथे राग तोच राहतो आणि रचनेचा घाट पालटतो. कधी नुसते बोल, कधी अभिनय, कधी स्वर. त्यांच्याच दरबारी असलेल्या चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलू या बंधूंनी पुढे भरतनाट्याच्या कार्यक्रमाला जो क्रम दिला, त्यात रागांची विविधता आली. कथेची ही सलगता मात्र ओसरली. मला ती हानी वाटते.

मराठी रंगभूमीचा आरंभ आपण सांगलीला, १८४३ साली धरतो. तेव्हा सरफोजींना जाऊन अकरा वर्षे झाली होती. त्यांचे सूर दाक्षिणात्य, म्हणून ते परके ठरवायचे का? शब्द तर आपलेच आहेत. एखाद्या कीर्तनकाराने किंवा नर्तकीने यातले एक निरूपण आपल्याकडच्या उत्सवात सबंध उभे करावे. आमच्या मोर्शीचे श्रोते मांडी मोडणार नाहीत, एवढी हमी मी देतो.