‘अंमलात असलेले कायदे’ : एका मतभेदाचा अर्थविचार

उच्च न्यायालयातील दोन न्यायाधीशांची मते भिन्न झाली, की त्याचे कारण त्यांच्या संस्कारांत अथवा राजकीय कलात शोधण्याचा प्रघात आहे. तो किती अपुरा आहे, हे १९५१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निर्णीत केलेल्या नरसू आप्पा माळी खटल्यावरून दिसते.

मुख्य न्यायाधीश छागला आणि साताऱ्यात जन्मलेले न्या. गजेंद्रगडकर या दोघांनीही १९४६ चा द्विभार्याप्रतिबंधक कायदा वैध ठरविला. व्यक्तिगत कायदा संविधानाच्या तेराव्या अनुच्छेदाच्या कक्षेबाहेर आहे, हेही दोघांस मान्य होते. मतभेद झाला तो रूढीविषयी. मूलभूत हक्कांशी विसंगत असे संविधानपूर्व ‘अंमलात असलेले कायदे’ हा अनुच्छेद शून्य ठरवितो. तेथे ‘कायदा’ या संज्ञेत रूढीचा समावेश आहे. ‘अंमलात असलेले कायदे’ यांची व्याख्या मात्र स्वतंत्र असून तीत विधिमंडळाने वा अन्य सक्षम प्राधिकाऱ्याने केलेले कायदे येतात. छागलांनी पहिली व्याख्या दुसऱ्या संज्ञेसही लावली; गजेंद्रगडकरांनी तसे मानले नाही.

शास्त्र्यांच्या घराण्यातील, ‘दत्तकमीमांसे’चे संपादन केलेल्या गजेंद्रगडकरांनी रूढीस अभय दिले, असा निष्कर्ष येथे सुलभ वाटेल, परंतु हेच गृहस्थ हिंदू कायद्याच्या सुधारणेचे पुरस्कर्ते होते. भेद वाचनपद्धतीचा आहे. रूढी कोणी करीत नाही, ती पडत जाते. या दृष्टीने त्यांचे वाचन सयुक्तिक आहे. तथापि समावेशवाचक व्याख्या अर्थ वाढविते, त्यास कुंपण घालीत नाही. म्हणून रूढीपुरता छागलांचा पक्ष आम्हांस बलवत्तर वाटतो. मात्र व्यक्तिगत कायद्याचा उल्लेख नाही म्हणून तो वगळताना तेही तीच उदारता विसरतात.

हा वाद केवळ शब्दांचा नव्हे. सांगलीच्या सीमाभागात मुलगी देवीला सोडण्याची चाल होती. अशी एखादी रूढी कायद्याइतकी प्रभावी असेल, तर न्यायालयाने ती थेट शून्य ठरवावी, की विधिमंडळाची वाट पाहावी, याचे उत्तर या दोन वाचनांत वेगवेगळे मिळते.

२०१८ मध्ये शबरीमला प्रकरणी न्या. चंद्रचूड यांनी नरसू निर्णयाची पुन्हा चिकित्सा केली, ती दोन्ही न्यायाधीशांनी आपापली कारणे स्वतंत्रपणे लिहून ठेवली होती म्हणूनच. १८ ऑगस्ट २०२५ पासून सातारा-सांगलीची प्रकरणे उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर येथील फिरत्या पीठापुढे चालतात. तेथेही मते जुळतील वा न जुळतील. कारणे लिहिली जावीत, एवढीच अपेक्षा.